जग्वार एक्स्-के १२० मोटारीच्या चार कानटोप्या : अस्सल, नक्कल व प्रक्षेप

या त्रैमासिकांत सनदा, महजर, ताम्रपट व पोथ्या यांची चर्चा वाचण्याची ज्यांना संवय आहे, त्यांस मोटारगाडीच्या चाकावरील लेख पाहून नवल वाटेल, व कांहींस रागही येईल. परंतु प्रस्तुत प्रकरणांत आम्हांस जीं साधनें वापरावीं लागलीं तीं बहुतेक पोथीशाळेंतलींच होतीं, एवढ्याच आधारावर हें टिपण वाचकांपुढें ठेवीत आहों. यंत्रविद्येंत आमची गति नाहीं हें आरंभींच सांगून टाकतों. जेथें त्या विद्येची गरज लागली तेथें ती आम्हीं दुसऱ्याकडून उसनी घेतली आहे.

गेल्या पावसाळ्यांत आमचे एक जुने विद्यार्थी फडक्यांत गुंडाळलेल्या चार जड वस्तु घेऊन सोनईस आमच्या घरीं आले. गांवांत त्यांचें लेथचें दुकान आहे; उसाच्या ट्रॉल्या, पाण्याचे पंप, नांगराचे फाळ असें काम त्यांच्याकडे येतें. पुण्याच्या एका गृहस्थांनीं आपल्या जुन्या जग्वार मोटारीच्या चार चाक-टोप्या आटे नीट करून, घांसून, वर क्रोमचा मुलामा चढवून देण्यासाठीं त्यांच्याकडे धाडल्या होत्या. गाडी विकावयाची होती, आणि विक्रीच्या पत्रकांत ‘तारांचीं चाकें व टोप्या कारखान्याच्या मूळच्या’ असें लिहावयाचें ठरलें होतें. घांसावयास घेण्यापूर्वीं विद्यार्थ्यांना काजळीखालीं अक्षरें दिसलीं. मुलामा देण्यापूर्वीं पृष्ठभाग घांसून गुळगुळीत करावा लागतो, आणि त्यांत अक्षरांच्या कडा जातात त्या कायमच्या. म्हणून हात आंवरून ते आमच्याकडे आले व म्हणाले, “गुरुजी, अक्षरांचें तुम्ही बघा, धातूचें मी बघतों.”

चाक-टोपी म्हणजे काय हें प्रथम सांगितलें पाहिजे. आसाच्या टोकावरून चाक निसटूं नये म्हणून घालावयाच्या खिळीस ऋग्वेदांत ‘आणि’ असा शब्द आहे. नाभि, अर, नेमि हे तिचे सोबती तर सर्वांस परिचितच आहेत. आपल्या बैलगाडीसही अशी खीळ असतेच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथील रज-व्हिटवर्थ कंपनीनें झटकन् काढतां-घालतां येणारें तारांचें चाक प्रचारांत आणलें. त्यांत चाकाच्या नाभीस आंतून दांते असतात. ते आसाच्या टोकावरील दांतेरी तुंब्यावर सरकून बसतात, आणि बाहेरून एकच मोठी टोपी आट्यांवर आंवळून सबंध चाक जागच्या जागीं धरलें जातें. टोपीला दोन कान असतात. त्यांवर तांब्याच्या तोंडाच्या हातोडीनें ठोके मारून ती आंवळावयाची किंवा सोडवावयाची. इंग्रजींत तिला स्पिनर म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यांच्या दुकानांत तिला ‘कानटोपी’ हें नांव पडलें, आणि त्यानें थंडीच्या दिवसांची आठवण होत असली तरी आम्हीही येथें तेंच वापरतों.

आतां आट्यांची दिशा. सर्व प्रकरण हिच्यावर फिरतें, म्हणून वाचकांनीं थोडा धीर धरावा. सायकलच्या डाव्या पायट्याचे आटे उलटे असतात, हें ज्यांनीं कधीं सायकल उघडली असेल त्यांस ठाऊक आहे. तसाच प्रकार येथें आहे. गाडी चालत असतां चाकाची बसक व टोपीचा उतार यांच्यामध्यें अतिसूक्ष्म सरकण होत राहते, आणि ती टोपीला चाकाच्या फिरण्याच्या उलट दिशेनें रेटते. तो रेटा आंवळण्याकडे जावा अशा बेतानें आटे पाडलेले असतात. म्हणून गाडीच्या डाव्या अंगाच्या टोप्यांचे आटे नेहमींसारखे सुलटे, तर उजव्या अंगाच्या टोप्यांचे उलटे. टोपी कोणत्याही अंगाची असो, ती काढावयाची तर चाक पुढें जातांना ज्या दिशेनें फिरतें त्याच दिशेनें कानावर ठोका द्यावयाचा. या दिशा उलटसुलट झाल्या तर टोपी चालत्या गाडींत सैल होऊं शकते. हा घोटाळा टळावा यासाठीं टोपीच्या दर्शनी अंगावर एक बाण व ‘अन्डू’, म्हणजे ‘सोडवा’, हा इंग्रजी शब्द उठावाच्या अक्षरांत काढलेला असतो.

पोथीच्या प्रतींस द्यावयाचीं तशींच आम्हीं टोप्यांस नांवें दिलीं : उजव्या अंगाच्या क व ख, डाव्या अंगाच्या ग व घ. रॉकेल व मऊ कुंचला यांपलीकडे कोणतेंही साधन न वापरतां काजळी काढली. नंतर शिलालेखाचा घेतों तसा ओल्या कागदाचा ठसा चारही टोप्यांचा घेतला. डोळ्यांना चारही सारख्या वाटल्या होत्या. कागदावर मात्र तसें राहिलें नाहीं. क, ख, ग यांची अक्षरें झिजलेलीं, पण कडांना धार असलेलीं होतीं. घ या टोपीचीं अक्षरें न झिजतांच बोथट होतीं. झीज उंच भागीं अधिक व खोलगट भागीं कमी असावयाची. येथें बोथटपणा सर्वत्र सारखा, अक्षराच्या पायथ्याशींही तितकाच. ही झीज नव्हे, हा जन्मदोष आहे, असें आमचें मत झालें.

विद्यार्थ्यांनीं मग व्हर्नियर लावला. दोन कानांमधील अंतर, घेर, अक्षरांची उंची, कोणतेंही माप घेतलें तरी घ ही इतर तिघींहून सुमारें दीड टक्क्यानें लहान भरली. याचें कारण त्यांनीं तत्काळ सांगितलें, तें आम्हांस नवें होतें. रसरशीत ओतलेला धातु थंड होतांना आकसतो. म्हणून जाणता ओतारी सांचा करतांना नमुना थोडा मोठा धरतो. परंतु नमुना म्हणून जर तयार वस्तूच वाळूंत दाबली, तर निघणारी नक्कल आकसण्याच्या प्रमाणांत लहान येते व तिच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. त्या नकलेची पुन्हां नक्कल केली तर ती आणखी लहान. नकलेगणिक पाठ क्षीण होत जातो हें आम्ही जन्मभर पाहत आलों. तो मिलिमीटरांत मोजतां येतो हें येथें प्रथम पाहिलें.

पण नक्कल कोणाची? क या टोपीवरील इंग्रजी शब्दाच्या तिसऱ्या अक्षराच्या पाठीवर एक बारीक टवका उडालेला आहे. हातोडी निसटून बसलेला घाव तो. घ वर त्याच अक्षराच्या त्याच जागीं एक गोलसर खळगा आहे. दोघींवर एकाच ठिकाणीं स्वतंत्रपणें घाव बसणें संभवनीय नाहीं. दोन प्रतींत एकच चूक एकाच जागीं आढळली तर त्यांचें मूळ एक धरावें, या नियमाचें महत्त्व सुकथनकरांनीं संपादिलेल्या आदिपर्वाची १९३३ सालची प्रस्तावना ज्यांनीं वाचली आहे त्यांस सांगावयास नको. म्हणजे क आधींची, टवका नंतरचा, व घ टवक्याच्याही नंतरची. क्रम इतका स्वच्छ क्वचितच मिळतो.

आणि आतां मुख्य गोष्ट. घ ही डाव्या अंगाची. तिचे आटे सुलटे, म्हणजे बरोबर आहेत. ओतारकामानंतर ते कोणा कुशल कारागिरानें लेथवर पाडलेले आहेत. परंतु ती क वरून, म्हणजे उजव्या अंगाच्या टोपीवरून उतरवलेली असल्यामुळें तिच्यावरचा बाण उजव्या अंगाचाच राहिला आहे. आटे एक सांगतात, बाण दुसरें सांगतो. जो बाणावर विश्वासून ठोके मारील तो टोपी सोडवीत नसून आंवळीत असेल. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा दोष चांगला ओळखीचा आहे. लेखक मूळ प्रतीची पुष्पिका, तिच्यांतील शक व तिथीसुद्धां, जशीच्या तशी उतरवतो, आणि दोनशें वर्षांनंतरची प्रत अंगावर जुना शक वागवीत फिरते. तो लेखक लबाड असतोच असें नाहीं. समोर दिसलें तें त्यानें इमानानें उतरवलें. घ टोपीचा कारागीरही, आमच्या समजुतीप्रमाणें, असाच इमानी व इंग्रजी न जाणणारा होता.

त्याला ही टोपी करावी कां लागली याचें उत्तर तत्कालीन व्यापारधोरणांत आहे. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला होता, व युद्धापूर्वीं विलायती गाडी व तिचे भाग मुंबईंत मिळणें अवघड नव्हतें. १९५३ सालीं, येथें गाड्या तयार करण्याची योजना ज्यांच्याकडे नाहीं त्यांनीं आपलें जुळणीचें काम आटोपावें असें सरकारनें ठरवलें. जनरल मोटर्स १९५४ सालीं निघून गेली. मग शौकाच्या परदेशी गाडीची एक टोपी हरवली तर ती मागविणें हें परवान्याचें व परकीय चलनाचें प्रकरण होऊन बसे. त्याहून ओतारी जवळ. जुन्या गाड्यांवर देशी ओतकामाचे भाग आढळतात त्यांस नुसतें ‘बनावट’ म्हणणें आम्हांस म्हणूनच रुचत नाहीं. बनावट कागद फसविण्यासाठीं होतो. ही टोपी गाडी चालावी म्हणून झाली.

येथवर निकाल सोपा दिसतो : तीन अस्सल, एक नक्कल. मालकांस आम्हीं तसें कळविणारही होतों. परंतु ‘अस्सल’ या शब्दाची फोड केल्याशिवाय तो वापरूं नये, हा धडा आम्ही वर्गांत शिकवीत असूं, आणि तो आम्हांस स्वतःच विसरला होता. टोपी जग्वार गाडीसाठीं तयार झालेली आहे, हें एक विधान. ती या गाडीच्या काळची आहे, हें दुसरें. ती याच गाडीवर कारखान्यांत बसली होती, हें तिसरें, व पत्रकांत लिहावयाचें होतें तें हेंच. पहिल्यावरून तिसरें सिद्ध होत नाहीं. शिक्का खरा असला म्हणून तो ज्या कागदावर आज चिकटला आहे त्याच कागदाचा ठरत नाहीं.

म्हणून टोप्या बाजूस ठेवून गाडीकडे वळणें प्राप्त झालें. एक्स्-के १२० ही गाडी १९४८ सालीं लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनांत प्रथम दिसली. ताशीं १२० मैल, म्हणजे सुमारें १९३ किलोमीटर, या वेगावरून तिचें नांव पडलें. पहिल्या सुमारें २४० गाड्यांचा सांगाडा लांकडी व वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा होता. १९५० पासून पोलादी पत्रा आला. १९५४ पर्यंत एकंदर बारा हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या. उजव्या बाजूस सुकाणू असलेल्या उघड्या गाड्यांचे क्रमांक ६६०००१ पासून सुरू होतात. (क्रमांकाचा आरंभ एकापासूनच होतो असें मानणाऱ्यांसाठीं एक गंमत : एम्-जी टी-सी या समकालीन गाडीचे क्रमांक ०२५१ पासून सुरू होतात, कारण अबिंग्डन येथील कारखान्याचा टेलिफोन २५१ होता.) आरंभींच्या एक्स्-के १२० गाड्यांस पोलादी तबकडीचीं चाकें असत, त्यांवर कान नसलेली गोल टोपी दाबून बसे, आणि मागच्या चाकांवर अर्धें चाक झांकणारा पत्र्याचा पडदा असे. ५४ तारांचीं चाकें मागणीप्रमाणें मिळूं लागलीं तीं १९५१ सालापासून. तारांच्या चाकाची कानटोपी बाहेर डोकावत असल्यामुळें तिच्यासह तो पडदा बसत नाहीं. तारांचें चाक आलें कीं पडदा गेला.

मालकांनीं जग्वार-डेम्लर हेरिटेज ट्रस्टकडून उत्पादन-नोंदीचें प्रमाणपत्र आणविलें होतें. गाडीचा, इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक, रंग, गाडी बाहेर पडल्याचा दिवस इत्यादि त्यांत असतें. चाकाच्या प्रत्येक टोपीची नोंद असावयाची असें नाहीं, व मालकांनीं तें म्हणूनच बाजूस ठेवलें होतें. आम्हीं त्यांतील दिनांकच विचारला. गाडी १९५० सालच्या अखेरीस कारखान्याबाहेर पडली होती. मग फोनवर दुसरा प्रश्न केला : घरांत कोठें मागच्या चाकांचे पत्र्याचे पडदे पडून आहेत काय? माळ्यावर दोन निघाले, आणि त्यांच्या आंतल्या बाजूस प्रमाणपत्रांतील मूळ रंग होता.

दोन्ही पुरावे एकमेकांवर अवलंबून नाहींत, आणि दोन्ही एकच सांगतात. ही गाडी तबकडीच्या चाकांवर हिंदुस्थानांत आली. तारांचीं चाकें, त्यांसाठीं लागणारे दांतेरी तुंबे व चार कानटोप्या हें सर्व मागाहून आलें. क, ख, ग या टोप्या जग्वारच्या खऱ्या, परंतु या गाडीच्या नव्हत. त्या दुसऱ्या ग्रंथांतून येथें आलेला चांगला पाठ आहेत. घ ही त्या प्रक्षेपाची नक्कल.

अशा प्रकारच्या कालनिर्णयाचीं साधनें इतर गाड्यांच्या बाबतींतही आहेत. पोर्शे गाडीचीं फुक्स कंपनीचीं मिश्रधातूचीं चाकें १९६६ पासून प्रचारांत आलीं; त्यांच्या मागच्या अंगास भागाचा क्रमांक व घडणीचा महिना-वर्ष ठोकलेलें असतें, म्हणजे पुष्पिका खुद्द वस्तूवरच आहे. गाडीच्या जन्मानंतरची तारीख चाकावर असली तर पुढें बोलणेंच खुंटतें. अमेरिकेंत १ जानेवारी १९६८ पासून चाकाबाहेर पंखासारखीं डोकावणारीं टोंकें असलेल्या टोप्यांस कायद्यानें मनाई झाली. तो नियम १९९६ सालीं रद्द होईपर्यंत तेथें विकलेल्या नव्या गाडीवर कारखान्याकडून कान येणें शक्य नव्हतें. म्हणून त्या काळच्या अमेरिकेस गेलेल्या जग्वार ई-टाइपवर आज चमकदार कान दिसले तर ते कोणी तरी हौसेनें मागाहून बसवले आहेत असें खुशाल समजावें.

मालकांस आम्हीं सर्व लिहून कळविलें. पंधरा दिवस उत्तर नव्हतें. त्यांची नाराजी आम्ही समजूं शकतों. घराण्याच्या सनदेवर शंका घेणाऱ्यास कोणी पानसुपारी देत नाहीं. शिवाय आमच्या देशांत हा प्रश्न केवळ शौकाचा उरलेला नाहीं. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें केलेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपांत राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदतां येते. तिला ‘व्हीए’ हीं अक्षरें असलेला क्रमांक मिळतो व नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात. त्या नियमांत सांगाडा, चौकट व इंजिन यांतील मोठ्या फेरफारांचा उल्लेख आहे. चाकाच्या टोपीनें नोंदणी अडेल असें नाहीं. परंतु पत्रकांत खोटें लिहून गाडी विकली, आणि पुढील मालकानें माळ्यावरचे पडदे व प्रमाणपत्राचा दिनांक जुळवून पाहिले, तर मग एका टोपीवरून सबंध गाडीचा इतिहासच संशयांत आला असता. शेवटीं त्यांचा फोन आला, व पत्रकांतलें वाक्य बदलल्याचें त्यांनीं सांगितलें. किंमतींत थोडी घट सोसावी लागली असें ऐकतों.

घ चें काय करावें यावर मात्र आमचा व आमच्या विद्यार्थ्यांचा वाद झाला. आमच्या तालुक्यांत नेवाशास शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि जवळच पैठणास शके १५०६ मध्यें एकनाथांनीं पाठांतरानें अशुद्ध झालेला तोच ग्रंथ शुद्ध केला व पुढें कोणी त्यांत ओवी घालूं नये अशी ताकीदही दिली. म्हणजे प्रक्षेप काढावा हा एक पक्ष. पण जुन्या वाहनांच्या जागतिक संस्थेनें, फिवानें, २०१२ सालीं केलेल्या ट्यूरिनच्या सनदेंत वाहनाच्या आयुष्यांत झालेले फेरफारही त्याच्या इतिहासाचा भाग मानले आहेत. आमचा कल या दुसऱ्या पक्षाकडे होता. घ वर आंतल्या बाजूस ‘न’ हें नकलेचें अक्षर कोरावें व टोपी गाडीवरच राहूं द्यावी, असें आम्ही म्हणालों. विद्यार्थ्यांनीं ऐकून घेतलें व म्हणाले, “गुरुजी, पोथींत बाण चुकला तर वाचणारा अडखळेल. रात्रीं घाटांत पंक्चर झालेला माणूस हा बाण पाहून ठोके घालील.” आम्ही निरुत्तर झालों. मग बाण खरवडून काढावा असें त्यांनीं सुचविलें, त्यास आम्हीं हरकत घेतली, कारण त्या बाणावांचून घ चा वंशच सांगतां येत नाहीं. अखेर मालकांच्या संमतीनें ठरलें तें असें : क, ख, ग यांस मुलामा न देतां केवळ स्वच्छ करून परत पाठवाव्या; घ च्या जागीं डाव्या अंगाची, बाण व आटे जुळणारी नवी टोपी इंग्लंडांतून मागवावी व ती नवी असल्याची खूण तिच्या आंतल्या बाजूस करावी; घ ही ‘न’ अक्षरासह, चारही ठशांच्या व आमच्या टिपणाच्या प्रतीसह, गाडीच्या कागदपत्रांत पेटींत राहावी. तशी ती आज आहे.

एक गोष्ट अद्याप लागलेली नाहीं. गाडीबरोबर आलेलीं पोलादी तबकडीचीं चार चाकें व त्यांच्या गोल टोप्या कोठें गेल्या? तुंबे बदलण्याचें काम लहान नव्हे. तें ज्या दुकानीं झालें तेथें त्याची पावती निश्चित फाडली असली पाहिजे. १९५१ ते १९६० या दशकांतील मुंबई किंवा पुणें येथील मोटार-विक्रेत्यांच्या वह्या, किंमतपत्रकें, दुरुस्तीच्या पावत्या किंवा गाड्यांचीं छायाचित्रें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ‘एक्स्-के १२०, तबकडीचीं चाकें काढून तारांचीं बसविलीं’ अशा आशयाची नोंद आढळल्यास संपादकांमार्फत आम्हांस कळवावें. छायाचित्रांत मागच्या चाकावर पडदा आहे कीं नाहीं तेवढें जरी पाहिलें तरी पुरे आहे.